ब्रेक फेल झाला नाही, होऊ दिला

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या कारखान्यात, गोडाऊनवर किंवा दारात एक तरी जुनी पिकअप उभी असते त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्याकडे नाही त्यांनीही वाचा, कारण तीच पिकअप रोज तुमच्या पोराच्या स्कूटीच्या मागून चालते.

"ब्रेक निकामी झाल्याने चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटले."

हे वाक्य आपल्याकडच्या बातम्यांत इतक्या वेळा येतं की त्यावर आता नजरही थांबत नाही. अपघात झाला, गर्दी जमली, कोणीतरी बोललं "ब्रेक फेल हो गया". तेच पोलिसांच्या तोंडून आलं आणि तेच दुसऱ्या दिवशी छापून आलं. आता वाक्य नीट बघा. त्यात करणारा कोणीच नाही. ब्रेक आपोआप निकामी झाला, नियंत्रण आपोआप सुटलं आणि रस्त्याच्या कडेला भाजी घेत उभी असलेली बाई आपोआप चिरडली गेली. वीज पडावी तसं. विजेवर कोण गुन्हा दाखल करणार?

माझं म्हणणं सरळ आहे. पिकअपचा ब्रेक अचानक जात नाही. तो आठवडेच्या आठवडे, कधी महिने आधी सांगत असतो. ड्रायव्हरच्या पायाला सांगतो, नाकाला सांगतो, कानाला सांगतो. ते ऐकून गाडी उभी करायची की अजून एक ट्रिप मारायची, हा निर्णय माणूस घेतो. त्या माणसाचं नाव बातमीत येत नाही आणि बहुतेक वेळा केसमध्येही येत नाही. "ब्रेक फेल" हे अपघाताचं कारण म्हणून लिहिलं जातं, पण खरं तर ते एक झाकण आहे. खाली काय शिजत होतं ते कोणी उघडून बघू नये म्हणून ठेवलेलं.

आधी भिवंडीपुरतं बोलू. हे गाव चालतं यंत्रमागावर आणि गोडाऊनवर. सूत येतं, बीम जातात, ताग्यांचे गठ्ठे प्रोसेसला जातात, आणि माणकोली, पूर्णा, राहनाळ, वळ, काल्हेर पट्ट्यातल्या गोडाऊनमधून मुंबई-ठाण्याच्या घराघरात पार्सल पोचतं. मोठा कंटेनर हायवेवरून गोडाऊनपर्यंत येतो. तिथून पुढचं सगळं पिकअप, टेम्पो आणि छोटा हत्ती ओढतात. यातल्या कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आहेत. किलोमीटरचा काटा कधीच बंद पडलेला. अशी गाडी धामणकर नाक्याच्या गर्दीतून, वंजारपट्टी नाक्यावरून, कशेळीच्या पुलावरून रोज जाते. हप्ता फिटलेला असतो, म्हणून मालकाला ती "कमावती" वाटते. कमावती आहेच. पण ती कशाच्या जोरावर थांबते, हे किती मालकांनी बघितलंय?

ब्रेक म्हणजे एक वस्तू नव्हे

मी मिस्त्री नाही. पण हे कळायला मिस्त्री व्हावं लागत नाही.

पिकअपला असतो ऑईलचा ब्रेक. पॅडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑईल पाइपातून चाकांपर्यंत दाब नेतं. पुढे डिस्कवर पॅड आवळतात, मागे ड्रमच्या आत शू फाकतात. पायाचा जोर वाढवायला मध्ये बूस्टर असतो. तो व्हॅक्यूमवर चालतो आणि डिझेल गाडीत हा व्हॅक्यूम इंजिन चालू असताना पंप तयार करतो.

आता मुद्द्याची गोष्ट. या गाड्यांच्या मास्टर सिलिंडरमध्ये दोन वेगळे भाग असतात, दोन वेगळ्या लाईनींसाठी. एका लाईनीतून ऑईल गळून गेलं तरी दुसऱ्या लाईनीवरची चाकं धरतात. पॅडल खोल जातं, गाडी उशिरा थांबते, पण थांबते. शिवाय हँडब्रेक वेगळा, तो केबलवर चालतो. त्याला ऑईल लागत नाही. आणि या सगळ्यावर गिअर आहेच.

म्हणजे गाडी बनवणाऱ्याने गृहीतच धरलंय की एक गोष्ट कधीतरी बिघडणार, म्हणून दुसरी ठेवलीय, तिसरी ठेवलीय. मग ज्या दिवशी पिकअप "अजिबात ब्रेक लागला नाही" म्हणून माणसात घुसते, त्या दिवशी नेमकं काय झालेलं असतं? बहुतेक वेळा एक लाईन आधीच मेलेली असते आणि गाडी उरलेल्या अर्ध्या ब्रेकवर फिरत असते. हँडब्रेकची केबल कधीच सैल पडलेली असते. डॅशबोर्डवरचा लाल दिवा पेटून पेटून कंटाळलेला असतो, नाहीतर त्याचा बल्बच काढलेला असतो. शेवटी उरलेली लाईन जाते. बातमी फक्त त्या शेवटच्या क्षणाची होते.

हो, खरोखर अचानक जाणारा ब्रेकही असतो. दगड उडून पाइप कापला जाऊ शकतो, होज फुटू शकतो. पण तेव्हाही अर्धा ब्रेक शिल्लक राहायला हवा. तो का राहिला नाही, हा प्रश्न विचारल्याशिवाय तपास पूर्ण होत नाही.

ब्रेक काय काय सांगतो

हे मुद्दाम सविस्तर लिहितोय. उद्या कोणी "आम्हाला काय माहीत" म्हणायला नको.

१) पॅडल पहिल्यांदा खाली जातं, दोन-तीन पंप मारले की वर येऊन लागतं. याचा अर्थ मागचे शू झिजून ड्रमपासून लांब गेलेत किंवा लाईनीत हवा आहे. आपल्याकडे यावरचा इलाज ठरलेला आहे: नव्या ड्रायव्हरला चावी देताना सांगायचं, "दो पंप मारना, लग जायेगा." हे वाक्य ज्याने उच्चारलं त्याला दोष माहीत होता. इतका साधा पुरावा आहे.

२) पॅडल दाबलं की स्पंजासारखं लागतं. लाईनीत हवा आहे, किंवा जुना रबरी होज दाबाने फुगतोय. हवा काढायला दोन माणसं आणि थोडा वेळ लागतो.

३) इंजिन चालू ठेवून पॅडल एकसारखं दाबून धरा, अर्धा मिनिट. पॅडल हळूहळू खाली बसत गेलं तर दाब कुठेतरी पळतोय. डबीतलं ऑईल झपाट्याने कमी होत असेल तर गळती बाहेर आहे. चाकांच्या आतल्या बाजूला, पाइपांच्या जोडांवर ओल शोधा. ऑईल तेवढंच असेल तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबरी कप गेलेत. पॅड झिजतात तशी डबीतली पातळी थोडी-थोडी उतरतेच, ते वेगळं. पण दर आठवड्याला ऑईल टाकावं लागतंय म्हणजे गळती आहे, आणि ऑईल टाकणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

४) पॅडल दगडासारखं कडक झालंय, सगळा जोर लावावा लागतो. बूस्टर, त्याचा पाइप किंवा व्हॅक्यूम पंप बघा. तपासणी फुकट आहे. इंजिन बंद करून पॅडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरूनच इंजिन चालू करा. पॅडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. जागचं हललं नाही तर नाही.

५) ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. एका चाकाचा ब्रेक धरतोय, दुसऱ्याचा नाही. कॅलिपर जाम असेल, व्हील सिलिंडर गळून लायनरवर ऑईल आलं असेल किंवा मागच्या ॲक्सलचं सील जाऊन गिअर ऑईल ड्रममध्ये उतरलं असेल. ऑईल प्यायलेलं लायनर पुसून कामाचं होत नाही. बदलावं लागतं.

६) ट्रिपनंतर एकच चाक भाजतंय, जळका वास येतोय. तो ब्रेक सुटतच नाहीये. लायनर जळतं, आणि वर ऑईल तापतं.

७) घासल्याचा, लोखंडावर लोखंडाचा आवाज. पॅड संपलं. आता डिस्क कापली जातेय.

८) हँडब्रेक पूर्ण ओढूनही चढावर गाडी मागे सरकते. केबल सैल आहे किंवा मागचे शू संपलेत. "हँडब्रेक कोण वापरतं" म्हणणाऱ्यांनी वरचा तिसऱ्या आधाराचा मुद्दा परत वाचावा.

आणि एक न दिसणारी गोष्ट. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं प्रमाण आहे. त्यात पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. कसारा घाट उतरताना भरलेल्या गाडीचा ब्रेक सतत दाबलेला राहिला, ऑईल उकळलं की लाईनीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, पॅडल खाली जातं, चाकापर्यंत दाब पोचतच नाही. तासाभराने ऑईल थंड झालं की पॅडल परत जागेवर! मग ड्रायव्हर शपथेवर सांगतो की ब्रेक लागत नव्हता, आणि तपासणारा सांगतो की ब्रेक व्यवस्थित आहे. दोघंही खरं बोलत असतात. साधारण दोन वर्षांनी ऑईल बदलायचं असतं. आपल्याकडे कितीतरी गाड्यांत ते फक्त वरून भरलं जातं. कधी हाताला येईल ते ऑईलही ओततात. ब्रेकच्या डबीत इंजिन ऑईल गेलं की आतली रबरं फुगतात आणि सगळी सिस्टीम बाद होते.

आणि आपला खास भिवंडी जुगाड

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक छोटा वॉल्व्ह असतो, एका दांडीने जोडलेला. मिस्त्री त्याला एलएसपीव्ही म्हणतात. गाडी भरली की बॉडी खाली बसते, दांडी हलते आणि वॉल्व्हला कळतं की मागे वजन आहे, मागच्या चाकांना जास्त दाब जाऊ दे. गाडी मोकळी असली की तो मागचा दाब कमी ठेवतो, म्हणजे चाकं लॉक होऊन गाडी फिरत नाही.

आता आपण काय करतो? सव्वा-दीड टन पासिंगच्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त माल भरायचा असतो. म्हणून मागच्या कमानीत जादा पाटे टाकतो. गाडी भरली तरी बसत नाही, छान उभी दिसते. वॉल्व्हला वाटतं गाडी मोकळीच आहे. तो मागचा ब्रेक कमीच ठेवतो. म्हणजे ज्या दिवशी गाडीत सगळ्यात जास्त वजन, त्याच दिवशी मागच्या चाकांना गरजेपेक्षा कमी ब्रेक. सगळा भार पुढच्या पॅडवर. ते तापतात, ऑईल तापवतात. आणि वजन दुप्पट झालं की त्याच वेगातून थांबवताना ब्रेकला दुप्पट उष्णता पचवावी लागते. वेग दुप्पट झाला तर चौपट. हे शाळेतलं विज्ञान आहे, शेठ लोकांच्या हिशेबात बसलं नाही तरी बदलत नाही.

दुसरा जुगाड याहून भयंकर. एका चाकाचा व्हील सिलिंडर गळतो. रिपेअर किट काही शे रुपयांत येतं, पण गाडी दिवसभर उभी राहील. म्हणून त्या चाकाची लाईन दाबून किंवा गुज्जा मारून बंद करायची. गळती थांबली. ब्रेकही त्या चाकापुरता थांबला. गाडी तीन चाकांवर ब्रेक घेऊन मालाला निघाली. उद्या ती कुठे घुसली की आपण छापणार: ब्रेक निकामी.

जिथे तपास झाला तिथे काय निघालं

पिकअप सोडून थोडं बाहेर बघू. गाड्या वेगळ्या, ब्रेकची जातही वेगळी, पण वाक्य तेच.

९ डिसेंबर २०२४, कुर्ला पश्चिम. बेस्टची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. पहिल्या काही तासांत सात माणसं गेली, पुढे आकडा वाढला. पहिली बातमी काय होती? ब्रेक फेल. बसची तपासणी झाल्यावर सांगितलं गेलं की ब्रेक चालू स्थितीत होते. मग चर्चा वळली ती ड्रायव्हरला या नव्या प्रकारच्या बसचं प्रशिक्षण किती दिलं होतं याकडे. म्हणजे खरा प्रश्न नेमणुकीचा आणि प्रशिक्षणाचा होता. "ब्रेक फेल" वर थांबलो असतो तर तो कधी विचारलाच गेला नसता.

२० नोव्हेंबर २०२२, पुण्याचा नवले पूल. उतारावरून आलेल्या अवजड वाहनाने एकामागून एक गाड्या उडवल्या. तिथेही सुरुवातीला ब्रेक फेल. नंतर पोलिसांनी सांगितलं की ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची ही सवय आपल्याकडे घाट उतरणाऱ्या कितीतरी ड्रायव्हरांना आहे. इंजिन बंद म्हणजे मोठ्या गाडीचा हवेचा कॉम्प्रेसर बंद, पिकअपचा व्हॅक्यूम पंप बंद. गिअरचा रोध तर आधीच गेला. उरलेल्या दोन-चार दाबांत जे होईल ते.

४ जुलै २०२३, धुळे जिल्ह्यातलं पळासनेर. आपल्या भिवंडीवरून जाणारा हाच मुंबई-आग्रा महामार्ग. कंटेनर गाड्यांना ठोकत हॉटेलात घुसला, किमान दहा माणसं गेली. पहिलं वाक्य पुन्हा तेच.

या घटना मोठ्या होत्या, कॅमेरे आले, म्हणून निदान काही प्रश्न विचारले गेले. आपल्याकडे अंजूरफाट्याला एक पिकअप एका सायकलवाल्याला उडवते तेव्हा कॅमेरा येत नाही. मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी होते, कागद फाइलला लागतो. त्या कागदात कुठल्या चाकाचा ब्रेक कधीपासून मेला होता, पाटे किती जादा होते, माल किती टन होता, हे लिहिलंय का, हे बघायला कोणी जात नाही.

कायदा झोपलेला नाही, आपण झोपलोय

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९०. ज्याला दोष माहीत होता, किंवा साधी काळजी घेतली असती तर जो दोष त्याला सापडला असता, अशा दोषासह धोकादायक गाडी चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा, तिघंही गुन्हेगार. हे शब्द परत वाचा: चालवायला लावणारा आणि चालवू देणारा. म्हणजे शेठ आलाच. अशा दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झालं तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा तुटपुंजी आहे, मान्य. पण जबाबदारी कोणाची हे कायद्याने स्पष्ट सांगितलंय.

ओव्हरलोडचं कलम १९४. वीस हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. तिथेही चालवायला लावणारा येतो.

माणूस मेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. ते लागतं कोणाला? स्टिअरिंगवर होता त्याला. म्हणजे ज्याने चार वेळा सांगितलं होतं "शेठ, ब्रेक का काम निकालना पडेगा" आणि ज्याला उत्तर मिळालं होतं "ये ट्रिप मार के आ", त्याला.

आणि "ब्रेक फेल झाला, आमचा काय दोष" हा बचाव? सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच, मुंबई हायकोर्टातून वर गेलेल्या एका लॉरी अपघाताच्या खटल्यात हे सांगून ठेवलंय. यांत्रिक बिघाडाचं कारण पुढे करायचं असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. सगळी योग्य काळजी घेतली होती आणि तरीही दोष लपून राहिला, हे त्याने दाखवायचं. म्हणजे ब्रेक फेल झाला म्हटलं की सुटका होत नाही, उलट तिथून मालकाची परीक्षा सुरू होते. जवळजवळ पन्नास वर्षं हा नियम आहे. आणि आपण बातमीत "ब्रेक फेल" लिहून मालकाला परीक्षेआधीच पास करतो.

राहिला फिटनेस. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. म्हणजे आपल्या प्रत्येक जुन्या पिकअपचा ब्रेक वर्षातून एकदा सरकारी माणसाने तपासलेला असायला हवा. कसा तपासायचा? मुंबई हायकोर्टाने एका जनहित याचिकेत यासाठी २५० मीटरचा ब्रेक टेस्ट ट्रॅक हवा असं सांगितलं होतं. २५० मीटरचा रस्ता! तोही कित्येक आरटीओंकडे नव्हता, त्यासाठी कोर्टाला वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागावं लागलं. यंत्रावर तपासणी होते तिथे रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर लावतो ते आकड्यात दिसतं. एक चाक मेलेलं असेल तर लपत नाही. पण मोकळी गाडी, दोन दिवसांपुरते घातलेले चांगले पॅड आणि एजंटच्या हातातली फाइल, या तीन गोष्टी एकत्र आल्या की कागदावर गाडी नवी होते.

आता नेहमीचे आक्षेप

"गरीब मालक आहे, एकच गाडी आहे, एक दिवस उभी राहिली तर खाणार काय?" हा प्रश्न खरा आहे, मी हसण्यावारी नेणार नाही. एका गाडीवर घर चालवणारी माणसं या गावात हजारोंनी आहेत. पण हिशेब पूर्ण करा. गळका सिलिंडर आज दुरुस्त केला तर एका दिवसाचं भाडं जातं. नाही केला तर ड्रम, लायनर, डिस्क जाते. आणि एखाद्या दिवशी गाडी पोलीस स्टेशनच्या आवारात गंजायला जाते, ड्रायव्हर आत जातो आणि समोरच्याचा कमावता माणूस जातो. तोही गरीबच असतो. मर्सिडीजवाला वंजारपट्टीला रस्ता ओलांडत नसतो.

शिवाय भाड्याचा दर कोण पाडतो ते पण बोला. ज्या गोडाऊनवाल्याला, ज्या व्यापाऱ्याला दोन ट्रिपचा माल एका ट्रिपमध्ये हवाय, तो या ब्रेकच्या पॅडलवर पाय ठेवूनच बसलेला असतो. त्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं.

"सगळ्या जुन्या गाड्या भंगारात काढा." हा एसीत बसून दिलेला सल्ला आहे. लोखंडाला वय असतं, पण ब्रेकचे सगळे झिजणारे भाग बदलता येतात. नीट सांभाळलेली बारा वर्षांची गाडी चांगली थांबते आणि दुर्लक्ष केलेली तीन वर्षांची थांबत नाही. जन्मतारीख बघून गाडी मारण्यापेक्षा पॅडल बघून उभी करा.

"रस्तेच तसे आहेत." आहेत. वाडा रोडवर गाडी हाकणाऱ्याला मी हे सांगायची गरज नाही. खड्डे पाइपांचे जोड सैल करतात, पावसाळ्यात गावात तुंबलेल्या पाण्यातून गेलं की ड्रम भिजतात आणि पहिले काही ब्रेक लागतच नाहीत. रस्त्यासाठी भांडूच. पण वाईट रस्ता हे ब्रेक जास्त वेळा तपासायचं कारण आहे, कमी वेळा तपासायचं नव्हे.

मग मागणी काय

पोलिसांना: ज्या केसमध्ये "ब्रेक निकामी" हे शब्द येतील तिथे चार गोष्टी पंचनाम्याबरोबर याव्यात. ब्रेकचं शेवटचं काम कधी आणि कुठे झालं त्याची पावती. फिटनेसची तारीख. पासिंग किती आणि काट्यावर वजन किती. आणि दोष कोणाला माहीत होता. मालकाचा जबाब घ्या. कलम १९० फक्त पुस्तकात ठेवू नका.

आरटीओला: पिकअपचं पासिंग करताना जादा पाटे मोजा, एलएसपीव्हीची दांडी जागेवर आहे का बघा, आणि ब्रेक प्रत्येक चाकाचा वेगळा बघा.

गोडाऊनवाल्यांना: गेटवर तुम्ही ई-वे बिल बघता, लायसन्स बघता, ड्रायव्हरचा फोटो काढता. त्यात एक मिनिट घाला. पॅडल दाबून धरा, बसतं का बघा. हँडब्रेक ओढून गाडी ढकलून बघा. नापास गाडीला गेटपास नाही. तुमचा माल विम्यात असतो, बाहेरचा माणूस नसतो.

बातमीदार दोस्तांना: "ब्रेक निकामी झाल्याने" लिहायचंच असेल तर पुढच्या ओळीत लिहा, "असं अमुक यांचं म्हणणं आहे", आणि आठ दिवसांनी तपासणीचा अहवाल मागा. दुसरी बातमी तिथे आहे.

आणि ड्रायव्हर बंधूंना. तुम्ही शेठला तोंडी सांगता, ते हवेत जातं. व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा: "गाडीचा ब्रेक खराब आहे, पॅडल बसतंय." तारीख-वेळ आपोआप येते. भांडण करू नका, फक्त लिहा. ज्या दिवशी "ब्रेक फेल झाला, कोणाला काय माहीत" असं कोणी म्हणेल, त्या दिवशी तो एक मेसेज तुमच्या बाजूने बोलेल. आणि ज्याला असा मेसेज आला तो मालक पुढच्या वेळी "ये ट्रिप मार के आ" म्हणायच्या आधी थोडा थांबेल.

हे हिंदीत करून तुमच्या टेम्पो स्टँडच्या ग्रुपवर टाकलंत तरी चालेल, माझं नाव नाही टाकलं तरी चालेल. वरची आठ खुणांची यादी तेवढी पूर्ण जाऊ द्या. उद्या सकाळी माल भरायच्या आधी पॅडल अर्धा मिनिट दाबून धरा, आणि खाली बसलं तर गाडी भरू नका.